दर सोमवारी दक्षिणेला

।। श्री ।।

काशीक्षेत्र, भागीरथीचा पश्चिम तीर,
अहिल्याबाई घाटामागची गल्ली, तिसरा मजला
(अलीकडच्या मोजणीनुसार थोडं दक्षिणेला)

चिरंजीव मालविकेस, बर्फावर बसून बर्फाखालचा खडक मोजणाऱ्या माझ्या एकुलत्या एक पुतणीस, विश्वेश्वरकाकाचे गरमागरम आशीर्वाद. (थंड पडायच्या आत घे.)

इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे माझा गुडघा आणि तुझ्या काकूची माझ्याविषयीची मतं, दोन्ही पावसाळ्यात जास्त दुखतात. गंगामाई चढली आहे, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात आहेत आणि आम्हा पुरोहित मंडळींच्या छत्र्या वर सरकता सरकता एकमेकींत अडकायला लागल्या आहेत. तुझी प्रकृती कशी आहे? नाकाचं कातडं निघालं होतं ते परत आलं का? तुमच्याकडे दोन महिन्यांनी सूर्य उगवला हे ऐकून काकूने देवापुढे साखर ठेवली. घाटावर माझ्या शेजारच्या छत्रीत बसणाऱ्या शिवरामला मात्र एकच चिंता लागून राहिली होती, की सूर्यच उगवत नाही तर तिथली माणसं सकाळची संध्या करतात कधी. तिथे कोणीच करत नाही, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. म्हातारा माणूस आहे, सोसणार नाही.

या पत्राचा फोटो काढून तो तुला धाडण्याचं काम तुझी विद्यापीठातली मैत्रीण रुची करणार आहे. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी मोकळेपणाने लिहितो. पोरगी गुणाची आहे, पण चहात साखर चार चमचे घेते.

आता मुद्दा. तू कळवलंस की आमच्या गच्चीवरचं यंत्र बिघडलं आहे असं तुझ्या मोठ्या सरांचं मत झालं आहे. आणि इथलं यंत्र बिघडलं तर त्याच घडणीचं, त्याच दिवशी विकत घेतलेलं तिथलं जुळं भावंडही संशयात आलं. तेव्हा तू वर्षभर गोठत गोठत घेतलेली मापं बाजूला ठेवून, आणखी एक हिवाळा तिथेच काढावा आणि सगळं पुन्हा मोजावं, असं सरांचं म्हणणं. गच्चीवर नेमकं काय घडलं ते सविस्तर लिहा, सरांना दाखवायचं आहे, असं तू म्हणालीस. तर हे पत्र म्हणजे माझी जबानी समज. सर मराठी आहेत हे बरं झालं, नाहीतर मला इंग्रजीत चिडावं लागलं असतं.

सरांच्या माहितीसाठी सुरुवातीपासून सांगतो. मागच्या वर्षी जहाजावर चढण्याआधी तू ही पांढरी टोपी घातलेली वस्तू घेऊन आलीस आणि म्हणालीस, की ही आकाशातल्या उपग्रहांचं ऐकते आणि आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते तांदळाच्या दाण्याइतक्या बारकाईने सांगते. घरमालकांनी गच्चीत खिळा ठोकायला बंदी केली. (ते स्वतः गेल्या महिन्यात त्याच गच्चीत पाण्याची टाकी बसवून गेले, पण तो विषय वेगळा, मी भांडलो आहे.) मग तू काकूचा पाटा मागितलास. मिक्सर आल्यापासून तो पाटा मोरीत उभा होता, पण तो तिच्या सासूच्या सासूचा पाटा. बाकी कोणी मागितला असता तर तिने वरवंटा घेऊन त्याच्या मागे धावायला कमी केलं नसतं. तुला तिने तो धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून दिला. त्यावर तू सिमेंटने यंत्र बसवलंस आणि निघताना बजावलंस: काहीही करा, पण याला हलवू नका. मी मान हलवली. काकूने तर देवाची शपथ घेतली.

आणि मग त्या संध्याकाळी तू आम्हाला तुझं सगळं शास्त्र समजावलंस ते मला अजून आठवतं. तिथल्या जमिनीवर बर्फाचं एवढं ओझं आहे की ती दबली आहे, आणि बर्फ जिथे कमी होतो तिथे ती हळूहळू वर येते, जसे आपले इंदूरचे पाहुणे उठून गेल्यावर गादी सावकाश वर येते तशी. (ते पाहुणे त्या दिवशी उठलेच नव्हते, ऐकत होते. असो.) आणि ते खडक नुसते वर येत नाहीत, इकडेतिकडे सरकतातही, ते मोजायला तू चालली आहेस. काकूने विचारलं, की आपलं काय? तू म्हणालीस, आपलं तर विचारूच नकोस. हिंदुस्थान आणि ते बर्फाचं खंड कोणे एके काळी चिकटून होतं. मग हिंदुस्थान निघाला तो उत्तरेकडे, आणि अजून वर्षाला दोन-तीन बोटं सरकतोच आहे. काकू त्यावर काही बोलली नाही. पोळ्या करायला उठून गेली. मी मात्र घाटावर जाऊन बोललो, आणि ती माझी चूक झाली.

कारण मी अभिमानाने सांगायला गेलो की माझी पुतणी पृथ्वी मोजते, आणि शिवरामने तेवढ्यातून एकच गोष्ट उचलली: विश्वेश्वर म्हणतो काशी हलते. भोसले घाटापर्यंत बातमी माझ्याआधी पोचली. काशी महादेवाच्या त्रिशूळावर उभी आहे, प्रलयातसुद्धा बुडायची नाही, आणि हा माणूस गच्चीवर डबा ठेवून म्हणतो ती सरकते! शिवराम तावातावाने म्हणाला, "विश्वेश्वरा, तुझा मकान हलत असेल तर हलू दे. काशी नाही हलणार. जे हलतं ते काशी नव्हेच." दुसऱ्याने शंका काढली, की आपण यजमानांना संकल्प सांगतो, अमुक द्वीप, अमुक क्षेत्र, भागीरथीचा पश्चिम तीर. काशी जागची हलली असेल तर इतकी वर्षं आपण देवाला चुकीचा पत्ता देतोय की काय? मला बोलणं भाग होतं. मी म्हणालो, घर सरकलं, घाट सरकला, गंगाही बरोबरच सरकली, मग पश्चिम तीर पश्चिमेलाच राहिला, पत्ता कुठे चुकला? आणि त्रिशूळ देवाच्या हातात आहे. देव एका जागी उभाच राहील असं तुम्हाला कोणी सांगितलं? चालत असेल. मग शिवराम म्हणाला, "पण मग आम्हाला सांगून तरी चालला असता." इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीचं होतं.

खरा गोंधळ सावनात सुरू झाला. (आमचं तुला माहीतच आहे. गल्ली उत्तरेचा सावन पाळते, काकू आपला श्रावण पाळते, पंधरा दिवसांचा फरक, त्यामुळे आमच्या घरी दोन्ही मिळून सोमवारच सोमवार. मला साबुदाण्याची आता स्वप्नं पडतात.) एके दिवशी रुची धापा टाकत तीन जिने चढून आली. यंत्राचं म्हणणं ती रोज आपल्या कॉम्प्युटरवर वाचते. आल्या आल्या ती म्हणाली, "काकाजी, आपका घर दक्खिन की तरफ़ जा रहा है।" मी म्हटलं, बेटी, पाणी पी, आमचं घर ईशान्येला चाललंय, मालविकेने सांगितलं आहे, दोन-तीन बोटं. ती म्हणाली, नाही, दक्षिणेला, आणि एकदम एक बोटभर. "और सिर्फ़ सोमवार को।" तिने आलेख दाखवला. आठवडाभर रेघ शहाण्यासारखी सरळ, आणि सोमवार आला की पायरी. पुन्हा सरळ, पुन्हा सोमवार, पुन्हा पायरी. अगदी आपल्या घाटासारखं. तिला वाटलं यंत्राचं डोकं फिरलं. तिने मोठ्या सरांना कळवलं, आणि पुढचं तुला माहीत आहे.

रुचीने हे सगळं जिन्यात मोठ्याने सांगितल्यामुळे गल्लीलाही कळलं. सोमवार म्हणजे महादेवाचा वार, हे कोणाला सांगावं लागलं नाही. पण दक्षिण म्हणजे यमाची दिशा, हेही कोणाला सांगावं लागलं नाही. शिवरामचा आनंद आणि भीती एकाच चेहऱ्यावर मावेना. तो म्हणाला, तुझं घर सरळ हरिश्चंद्र घाटाच्या स्मशानाकडे निघालं आहे. मी म्हटलं, आणि तुझं उत्तरेला मणिकर्णिकेकडे, काशीत सरकायचं म्हटलं तरी माणूस जाणार कुठे? पण लोक ऐकतात थोडेच. वाशीमचं एक कुटुंब पिंडदानासाठी येऊन आमच्या खालच्या खोलीत उतरलं होतं. भले लोक, भाकरीबरोबर ठेचा घेऊन आले होते. घर यमाच्या दिशेला चाललंय हे ऐकून त्यांनी वळकट्या बांधल्या आणि शिवरामकडे मुक्काम हलवला. ठेचाही नेला. जाता जाता गच्चीवर येऊन त्या पांढऱ्या टोपीवर बेलाचं पान ठेवून, फोटो काढून गेले.

मग मी ठरवलं की आपण शास्त्रीय पद्धतीने जायचं. एका रविवारी गुडघा हातात धरून मी गच्चीवर गेलो आणि पाट्याच्या कडेने चारी बाजूंनी रांगोळीची रेघ ओढली. पाटा हलला तर रेघ मोडेल, घर हललं तर रेघ शाबूत राहील, इतकं साधं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, घर हलताना बघायला निम्मी गल्ली गच्चीवर लोटली. शिवराम पंचपात्री घेऊन पुढे बसला. बायकांनी आरती म्हटली. काकूने सगळ्यांना चहा दिला आणि दिवसभर माझ्याशी तुटक बोलली, मला वाटलं दूध संपलं म्हणून. त्या दिवशी घर जागचं हललं नाही. रुचीचा आलेखही सपाट. शिवरामने निकाल दिला की गर्दीत देव चालत नाही. पुढच्या रविवारी मी पावसाने पुसलेली रेघ पुन्हा ओढली आणि सोमवारी मुद्दाम गल्लीतल्या कोणालाही वर जाऊ दिलं नाही. संध्याकाळी गेलो, तर रेघ चारी बाजूंनी अखंड, सुबक, पाट्याला चिकटून. आणि रुचीचा फोन: काकाजी, फिर एक उँगली। म्हणजे घरच हललं, आणि रेघेला बरोबर घेऊन हललं. मी खाली येऊन दोन पेले पाणी प्यायलो.

तथापि पुढे सखोल विचारांती माझं मत बदललं असून ते मी सरांसाठी स्पष्ट शब्दांत नोंदवतो. मी, विश्वेश्वर, काशीत जन्मलो, काशीत वाढलो आणि काशीतच मरणार असून (मरायला लोक लांबून येतात, मी आधीच जागा धरून बसलो आहे), इथल्या माकडांना बालपणापासून ओळखतो. सोमवारी देवदर्शनाला आलेले लोक माकडांना केळी घालतात. ती केळी घेऊन माकडं आमच्या गच्चीवर येतात, पाट्यावर बसतात, पाय देतात, ढकलाढकली करतात. पाटा हलतो, यंत्र हलतं. बाकीच्या वारी केळी नाहीत, माकडं नाहीत, हालचाल नाही. गर्दीच्या सोमवारी माणसं होती म्हणून माकडं आली नाहीत. सबब यंत्र निर्दोष आहे, त्याचं भावंडही निर्दोष आहे, आणि मापं पुन्हा घेण्याचं काही कारण दिसत नाही. तरीही शास्त्रासाठी तुला आणखी एक हिवाळा तिथे राहावंसं वाटलं, तर आमची काडीचीही हरकत नाही. आषाढात तू रविवारच्या फोनवर सहज म्हणाली होतीस, की आणखी एक वर्ष मिळालं तर किती छान होईल, तेव्हा काकूने तुला काय सांगितलं? "राहा की!" असंच सांगितलं. इतक्या चटकन सांगितलं की मीच चकित झालो. माझंही तेच मत आहे. काम आधी, माणसं नंतर.

अंगावर पांघरूण घेत जा. पायमोजे ओले घालू नकोस. शिवरामने आशीर्वाद कळवले आहेत आणि विचारलं आहे की तिथे पेंग्विन सोवळ्यात धरायचा की ओवळ्यात.

तुझा काका,
विश्वेश्वर

ता. क. इथवरचं सरांना दाखव. खालचं तुझ्यापुरतं.

ता. क. दोन. माकडाला रांगोळी काढता येत नाही.

ती अखंड, सुबक रेघ बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी जिन्यातच थांबलो. मी जन्मात एक सरळ रेघ ओढलेली नाही. मौंजीत मी काढलेल्या मंडलाला गुरुजींनी बटाटा म्हटलं होतं. ही रेघ दोरीसारखी सरळ होती, आणि चारी कोपऱ्यांवर बारीक ठिपके होते. घराच्या उंबऱ्यावर रोज सकाळी असे ठिपके कोण काढतं, ते तू या घरात शाळेची सगळी वर्षं काढलीस, तुला सांगायला नको. मग परत वर जाऊन मी कुंड्यांकडे बघितलं. पाट्याच्या उत्तरेला तुळशीच्या तीन कुंड्या दाटीवाटीने मांडल्या होत्या. एक उचलली, तर खाली शेवाळ नसलेली स्वच्छ फरशी. पाटा तिथे होता.

मी खाली येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. काकू कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पाहिलंत ना? मग आता बोला काय बोलायचं ते." मी म्हटलं, अंबिके, देवाची शपथ घेतली होतीस. ती म्हणाली, "देवाचं मी बघून घेईन." तू आषाढात आणखी वर्षाचं बोललीस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे चालू आहे. सोमवारची पूजा झाली की ही बाई, या वयात, उत्तरेच्या कठड्याला पाठ लावून बसते आणि दोन्ही पायांनी तो पाटा बोटभर ढकलते. दक्षिणेला. तुझ्या दिशेला. आपण वर्षाला दोन-तीन बोटं लांब चाललोय, असं तूच सांगितलं होतंस ना, ते तिने पोळ्या करताना मनात धरलं आणि सोडलंच नाही. मी म्हटलं, अगं, दोन-तीन बोटं वर्षाला, तू पुढच्या दोन वर्षांचं अंतर एका सावनात कापलंस! ती म्हणाली, "असू दे. पुढे माझ्याच्याने ढकलणं होईल न होईल." मला राग आला, मी चढ्या आवाजात समजावलं की पाटा सरकवून काशी सरकत नाही, तुझी पोर एका सुतानेही जवळ येत नाही. तेव्हा तिने कणकेचे हात तसेच ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला काय कळत नाही का? जवळ नाही तर नाही. यंत्रात तरी जवळ दिसेल ना पोर."

मालविके, मी वादात हरत नाही हे तुला माहीत आहे. मी पाणी प्यायलो आणि ओसरीवर जाऊन बसलो. तुझ्या मोठ्या सरांमुळे तुला आणखी वर्षभर राहावं लागतंय, आणि ते या सोमवारांच्या पायऱ्यांमुळे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगू शकत नाही. जिला जवळ ओढायला म्हणून ढकलत होती, तिलाच तिने वर्षभर लांब ढकललं, हे तिला कळलं तर ती तो पाटा स्वतःच्या डोक्यावर घेईल.

म्हणून सरांना काय सांगायचं ते तू ठरव. माकड सांग, म्हातारी सांग, देव चालला म्हणून सांग. पण यंत्र खोटं बोललं नाही एवढं त्यांच्या गळी उतरव. तिने जितकं ढकललं तितकंच त्याने सांगितलं, आणि ज्या सोमवारी चहाला गर्दी जमली त्या सोमवारी ढकललं नाही, तेही त्याने बरोबर सांगितलं. असं इमानदार भावंड असल्यावर तिथलं यंत्र खोटं कसं बोलेल? तुझी मापं खरी आहेत. दुसरा हिवाळा नको. काकूचं ते "राहा की" धादांत खोटं होतं आणि माझं "काडीचीही हरकत नाही" त्याहून खोटं आहे. तिकडच्या उन्हाळ्यात जहाज येईल त्यात बस आणि घरी ये.

ता. क. तीन. पाटा परत जागेवर ठेवायला काल मी आणि रुची गच्चीवर गेलो होतो. शेवाळ नसलेला चौकोन समोर होता, तिथे तो बसवायचा एवढंच काम. मी ढकलला, तिने ढकलला, आणि अगदी कडेशी आल्यावर मी थांबलो. चौकोन पुरता भरला नाही, एक बोट अजून दक्षिणेला आहे. रुचीला वाटलं माझा गुडघा दुखला. तिला तसंच वाटू दे. आलेखात ते बोट दिसेल तेव्हा काकूला दोष देऊ नकोस. ते माझं आहे.